उत्तमरावांचं ढोलवालं अस्वल

धामणगाव बढ्यात विहिरीवरची मोटार जळली की लोक उत्तमरावांकडे येतात. तीस वर्षं ते जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देताहेत. नुसता आवाज ऐकून ते बिघाड सांगतात. पण सहा वर्षांच्या नातीला, निशिगंधाला, काय होतंय ते त्यांना कळत नसे. ती बोलत नाही, आणि तिच्या मुठी सहसा उघडत नाहीत. गेल्या महिन्यात ती तीन दिवस रडत होती. चौथ्या दिवशी कानातून पू आला, तेव्हा घरच्यांना उमगलं. तेव्हापासून पोरगी जरा कण्हली तरी उत्तमराव हातातलं काम टाकून घरात धावत.

दर मंगळवारी घरी येणाऱ्या विशेष शिक्षिका वंदना मॅडम त्यांना म्हणाल्या, "काका, आपण दाबलं की काहीतरी घडतं, एवढं तिला खेळण्यावर कळू द्या. मग तिच्यासाठी बोलती पाटी मागवता येईल. चित्र दाबलं की पाटी बोलते. दुखतंय, तहान लागली, सगळं."

उत्तमरावांनी सेलवर चालणारं ढोलवालं अस्वल आणलं. त्याला डब्याच्या झाकणाएवढं हिरवं बटन जोडलं, मूठ टेकली तरी दबेल असं. निशिगंधाची मूठ पडली, अस्वल ढोल बडवू लागलं. आजीनं, विमलबाईंनी, नातीवरून बोटं मोडली.

पण मग रोज तेच. एकदा मूठ लागायची, अस्वल वाजत राहायचं आणि पोरगी आढ्याकडे बघायची. मी शेजारचाच, गावातल्या शाळेचा मास्तर; रोज त्यांच्याकडे जाऊन बसतो. सातव्या दिवशी उत्तमराव मला हळूच म्हणाले, "गुरुजी, तिले समजतच नसन तं?" इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मॅडम आल्या. थोडा वेळ बघून म्हणाल्या, "काका, तिनं हात काढला तरी हे वाजतंयच की!"

"मंग? एकदा दाबलं का चालूच राह्यलं पाह्यजे. बंद कराले लाल बटन हाय ना मांगं."

"अहो, ही काय विहिरीवरची मोटार आहे? तिच्या हातात काही उरलंच नाही."

उत्तमराव ओशाळले. स्टार्टर जोडायच्या सवयीनं त्यांनी खेळण्यालाही तशीच जोडणी केली होती. तिथंच बसून त्यांनी ती काढली आणि दाबलं तेवढंच वाजेल असं बटन जोडलं.

आता मूठ पडली, ढोल वाजला. मूठ घसरली, ढोल थांबला. निशिगंधाचा चेहरा रडवेला झाला. पुन्हा मूठ उचलली, ती बटनाच्या बाजूला पडली. विमलबाई पुढे सरकल्या. "मी दाबून देऊ का वं माय?"

उत्तमरावांनी त्यांचं मनगट धरलं. "हात नको लावू."

"लेकरू रडून राह्यलं अन् तुमी..."

"रडू दे."

 मूठ पुन्हा चुकली. मग निशिगंधानं सगळं अंग वळवलं आणि कोपर बटनावर टेकवलं. ढोल वाजला. कोपर निघालं, ढोल थांबला. तिनं पुन्हा टेकवलं.

मॅडमनी नोंद करायला वही उघडली.

"थांबा मॅडम," उत्तमराव म्हणाले. "चुकून लागलं असन. अजून एक डाव पाहू."

निशिगंधानं कोपर उचललं. अस्वल गप्प झालं. तिनं आढ्याकडे पाहिलं नाही. अस्वलाकडे बघत ती थोडा वेळ थांबली आणि मग कोपर खाली आणलं.

"आता लिहा," उत्तमराव म्हणाले.

"अन् माहा हात सोडा आता," विमलबाई म्हणाल्या. "बांगडी रुतून राह्यली."