सहा वाजेपर्यंत बोलायचं नाही

सहा वाजून चार मिनिटं झाली तरी देवरावभाऊंचं उत्तर आलं नाही, तेव्हाच मला शंका आली. मी एका गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देत होते. बाटली तशीच त्याच्या हातात कोंबली, खणातून त्यांच्या घराची किल्ली काढली आणि निघाले. हुडकेश्वरला माझं औषधाचं दुकान आहे आणि तिथून दोन गल्ल्या सोडून, दुसऱ्या मजल्यावर, देवराव पौनीकर एकटे राहायचे. चालत चार मिनिटं लागतात. तेवढ्यात मी पाच वेळा फोन लावला. पाचव्यांदा तो बंद दाराच्या आतून वाजताना मला जिन्यातच ऐकू आला. ते टेबलाशी खुर्चीत होते, चष्मा डोळ्यांवर तसाच. डॉक्टर म्हणाले, बरेच तास झाले असावेत. किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

चार मिनिटांच्या उशिरावरून माणूस गेल्याची शंका येणं कुणाला वेडेपणाचं वाटेल, म्हणून आधी आमचा खेळ सांगते. आम्ही चौघं गूढ शब्दकोड्यांची सूत्रं रचायचो आणि सोडवायचो. देवरावभाऊ, मी, सीताबर्डीला घड्याळं दुरुस्त करणारे शकीलभाई, आणि शाळेतून निवृत्त होऊन पारशिवनीला शेती बघणारे राऊत मास्तर. सूत्र म्हणजे एक साधं वाक्य. त्यात अर्धा भाग उत्तराचा अर्थ असतो आणि अर्धा भाग ते उत्तर अक्षरांतून कसं घडवायचं ते सांगतो. देवरावभाऊंनी मला घातलेलं पहिलं सूत्र होतं, ‘आवरणाचं डोकं काढा, भातावर वाढा.’ तीन अक्षरं. ते रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आले होते आणि मी सुटे पैसे शोधत होते. आवरणातला ‘आ’ काढला की वरण उरतं, हे मला सुचलं तेव्हा ते रस्त्यापर्यंत पोचले होते. मी दुकानातूनच ओरडले, “वरण!” ते परत आले, काउंटरवर दोन्ही हात टेकवून म्हणाले, “मंगला, तू तं आपल्यातली निघाली वं!” तेव्हापासून नऊ वर्षं आम्ही चौघं.

ते मूळ उमरेडचे, हातमागावर विणणाऱ्या घरातले. स्वतः मागावर बसले नाहीत, सरकारी कचेरीत आरेखक म्हणून नोकरी केली, पण कोड्याच्या चौकटी आखताना त्यांचा हात विणकराचाच होता. “माझा बाप काठाचे धागे मोजे, मी घरं मोजतो. एक चुकलं का पूर्ण लुगडं वाया,” असं म्हणायचे. पेन्सिल इतकी टोकदार की कागद फाटायची भीती वाटावी. नियमावर त्यांची श्रद्धा होती. आम्हाला नियम गंमत वाटायचे, त्यांना ते आखलेल्या रेषेसारखे वाटायचे, म्हणजे त्यांच्या बाहेर काही नसतंच.

आणि तो नियम मी केला होता. सुरुवातीला सकाळी सात वाजता सूत्र आलं की दिवसभर त्यांना सगळे फोन करायचे आणि त्यांच्या पोटात काही राहायचं नाही. शकीलभाई लाडीगोडी लावायचे, “भाऊ, बस एक अक्षर सांगून द्या नं,” आणि हे हसायचे, “जवळ येऊन राहिला तू, अजून जवळ...” दुपारपर्यंत खेळ संपायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, ज्याचं कोडं त्याने संध्याकाळी सहापर्यंत तोंड बंद ठेवायचं. फोन करायचा नाही, घ्यायचा नाही, निरोपाला उत्तर द्यायचं नाही. आपापलं उत्तर त्याला एकट्याला पाठवायचं, त्याने ते वहीत टिपायचं आणि बरोबर सहा वाजता सगळ्यांना खरं उत्तर सांगायचं. देवरावभाऊंनी मान हलवली. त्या दिवसापासून एकदाही सहाचे सहा-एक झाले नाहीत. निरोप वाचल्याच्या निळ्या खुणासुद्धा त्यांनी फोनमधून बंद करून घेतल्या, कारण त्यावरून म्हणे अंदाज येतो.

एकदा त्यांच्या कोड्याच्या दिवशी ते मला भाजीबाजारात दिसले. मी हाक मारली तर माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि वांगी खुणेने मागितली. भाजीवालीला वाटलं, आमचं भांडण झालंय. “आता जाऊ द्या नं बाई, म्हातारा माणूस आहे,” तीच मला समजावू लागली. आम्ही यावर महिनाभर हसलो.

दुसऱ्या एका गोष्टीवरही मी हसले होते. मागच्या उन्हाळ्यात, सहा वाजता उत्तर सांगून झाल्यावर, ते सहज म्हणाले की सकाळी मोरीत चक्कर आली होती, अर्धा तास तिथंच बसून होतो. मी रागावले. “मग मला फोन काहून नाही केला?”

“आज कोडं माझं होतं नं वं.”

मी त्यांचा रक्तदाब मोजला, गोळीची वेळ बदलायला डॉक्टरांकडे पाठवलं, घराची एक किल्ली मागून घेतली. जे करायला हवं ते सगळं केलं, असं तेव्हा वाटलं. मग घरी जाऊन राऊत मास्तरांना फोनवर हा किस्सा रंगवून सांगितला. मास्तर खो खो हसले. नियम बदलायला हवा, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही... कोड्यातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर आम्हाला झोप यायची नाही, आणि हे सुचलं नाही.

त्यांचं शेवटचं सूत्र होतं, ‘भिंतीवरची कढईच्या तोंडाला लागली, झाली भाजी.’ तीन अक्षरं. सकाळी सातला आलं. भिंतीवर चढते म्हणजे वेल, असं धरून मी कारलं पाठवलं. राऊत मास्तरांनी घेवडा पाठवला. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी शकीलभाईंनी बरोबर उत्तर पाठवलं. भिंतीवरची पाल, कढईचं तोंड म्हणजे पहिलं अक्षर ‘क’, मिळून पालक. ते गेल्यावर आम्ही तिघं त्या ओळीत काहीतरी शोधत बसलो. त्यांना काही सांगायचं होतं का, काही हाक होती का. काही नव्हतं. पालकाची भाजी होती, बस. ही ओळ लिहिताना ते मजेत होते.

पण कधीपर्यंत मजेत होते? तेराव्यानंतर त्यांच्या मुलीने, सुषमाने, घर आवरताना त्यांची वही मला आणून दिली. “तुमच्याच खेळाची आहे, काकू. मले काही समजत नाही त्यातलं.” ती उमरेडला सासरी असते, तिला लगेच निघायचं होतं. मी वही घेतली आणि दुकानात खालच्या खणात, रक्तदाबाच्या यंत्राखाली ठेवून दिली. त्या वहीत रकाने आहेत. वेळ, कोणाचं उत्तर, काय उत्तर, बरोबर की चूक, शेरा. निरोप आला की ते तत्काळ नोंद करायचे. म्हणजे आमची उत्तरं ज्या वेळी पोचली, त्यांपैकी कुठपर्यंतची वहीत आहेत, तिथपर्यंत ते जिवंत होते. मी आठ-चाळीसला उत्तर पाठवून दिवसभर दुकानात बसले होते, किल्ली हाताशी असलेल्या खणात. ते किती तास दोन गल्ल्यांपलीकडे श्वास घेत होते, याचा हिशेब त्या वहीत होता आणि मला तो नको होता. मी भित्री बाई नाही. नवऱ्याचं ऑपरेशन, सासूबाईंचं शेवटचं वर्ष, सगळं मी पुढे होऊन निभावलं. पण पाच आठवडे त्या खणातून यंत्र काढायचं मी टाळत राहिले. शेवटी मी यंत्रच दुसऱ्या खणात हलवलं.

गेल्या आठवड्यात, दुपारी गिऱ्हाईक नसताना, वही उघडली. आठ-चाळीस, मंगला, कारलं, चूक. दहा-पंचवीस, राऊत, घेवडा, चूक. अक्षर नेहमीसारखं सरळ. शकीलभाईंची नोंद नाही, म्हणजे कोडं सुटलं हे देवरावभाऊंना कळलंच नाही. मास्तरांच्या नोंदीखाली एकच ओळ होती, शेऱ्याच्या रकान्यात, रेषेला धरून लिहिलेली.

‘११.५०. छातीत जड. घाम. सहानंतर मंगलाला विचारणे.’

बावीस वर्षं औषधाच्या दुकानात बसलेल्या बाईला त्या शब्दांचा अर्थ दुसऱ्याने सांगावा लागत नाही. बाराच्या आत मला कळलं असतं तर... मी हे वाक्य रोज सुरू करते आणि पूर्ण करत नाही.

हे सगळं मी लिहायला घेतलं, पण ते छापून येण्याआधी सुषमाला सांगायला हवं होतं. मी उमरेडची बस धरली. वाटेत दोनदा उतरून परत फिरावंसं वाटलं. ती मला काय म्हणेल, याची सगळी उत्तरं मी रचून ठेवली होती. तिच्या ओट्यावर बसून मी वही उघडली, ती ओळ दाखवली आणि सांगितलं की नियम माझा होता. तिने ओळ वाचली. पुन्हा वाचली. रागावली नाही. खाली बघत म्हणाली,

“तुमच्यासंगं न बोलायचा नियम होता, काकू. मले तं कोणताच नियम नव्हता नं. मले काहून नाही केला बाबानं फोन?”

मी रचून नेलेल्यांत हे नव्हतंच. आम्ही चहा प्यायलो. निघताना तिने वही माझ्या पिशवीत परत घातली, म्हणाली, “चालवा पुढे. कोरी पानं आहेत अजून.”

आता आम्ही तिघंच आहोत. वही दुकानात, काउंटरवर असते. रकाने त्यांनी आखलेलेच आहेत, फक्त शेवटी मी पट्टीने आणखी एक आखलाय, ‘बोललो’. ज्याचं कोडं असेल त्याला दर दोन तासांनी बाकीच्यांनी फोन करायचा, त्याने उचलायचा, आणि इशारा निसटला तर निसटला. खेळाची मजा गेली, असं शकीलभाई म्हणतात. गेली असेल.

परवा कोडं राऊत मास्तरांचं होतं. दहा वाजता मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. अकरा मिनिटांनी त्यांचाच आला, “बाई, पंपाजवळ होतो, आवाजात ऐकू नाही आलं. काय झालं?”

मी म्हटलं, काही नाही. शटर तोवर अर्धं खाली ओढलं होतं, ते परत वर केलं आणि वहीत वेळ लिहिली.