करुणाताईच्या हातची पोळी

सुचिता सहा वर्षं रामाकोन्याजवळच्या एका शाळेत अतिथी शिक्षिका होती. नावाला अतिथी, आणि पाहुणचार असा की दरवर्षी नव्यानं नेमणुकीसाठी हात जोडायचे. सौंसरहून स्कूटीनं यायची, कधी उशीर नाही की तक्रार नाही.

मागच्या साली नागपूरच्या डॉक्टरांनी तिच्या अशक्तपणाचं मूळ शोधलं. सिलियाक. गहू पोटात गेला की आतडी खराब होतात, म्हणून जन्मभर गव्हाचा कणही नको. घरी ज्वारीची भाकर सुरू झाली आणि ती सुधारली. शाळेत मात्र तिनं तोंडाला कुलूप लावलं. आजारी बाईला पुढच्या वर्षी कोण घेणार, ही धास्ती. खुळी म्हणा हवं तर, पण दरवर्षी हात जोडणाऱ्यालाच ती कळते.

मुलांना जेवण वाढण्याआधी एका शिक्षकानं ते चाखायचं, असा शाळेचा नियम. यंदा ते काम सुचिताकडे आलं. ती घोटभर वरण घ्यायची आणि पोळीचा तुकडा रुमालात दडवायची. शाळेमागं ते तुकडे बकरीला घालताना स्वयंपाकीण करुणाताईनं तिला पाहिलं. करुणाताई बौद्ध, सुचिता कुणब्याच्या घरची. ताईनं जे समजायचं ते समजून घेतलं.

पालकांच्या बैठकीत, जेवणाच्या वेळी, माझी पोळी का खात नाही, असं ताईनं तिला सगळ्यांसमोर विचारलंच. डॉक्टरांनी पोळी मना केली आहे, असं सुचिता चाचरत म्हणाली.

"माझ्या मायच्या हातचंबी लोक असंच टाळत," ताई शांतपणे म्हणाली. "कोणाचा उपास, कोणाचा नवस. तुमचा डॉक्टर."

आजाराचं नाव सांगावं तर मुख्याध्यापक अरविंद सर समोरच बसलेले. सुचितानं पोळी उचलली आणि अख्खी खाल्ली. ताईचे डोळे भरून आले.

घरी पोचेपर्यंत सुचिताच्या पोटात कळा सुरू झाल्या. चार दिवस ती अंथरुणाला खिळली. शाळेत ताप आल्याचं कळवलं.

पाचव्या दिवशी करुणाताई तूप लावलेली गरम पोळी घेऊन वर्गाच्या दारात उभी. मागं अरविंद सर हसत होते. आज खाल्ली तर उद्याही खावी लागणार, आणि परवाही. सुचितानं पर्समधून नागपूरच्या डॉक्टरांचा रिपोर्ट काढला आणि चार दिवसांच्या हालांसकट सगळं सांगून टाकलं.

ताईचा चेहरा उतरला. मग ती भडकली.

"म्हंजे त्या दिवशी माझ्या हातचं जहर खाल्लं तुमी? अन् मले एका शब्दानं सांगितलं नाही? तुमाले काही झालं असतं त गावानं मलेच धरलं असतं, मॅडम."

सुचिताला एवढं सुचलंच नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. तिनं हात जोडले.

अरविंद सरांनी रिपोर्ट मागून घेतला. वाचता वाचता त्यांचं हसू मावळलं.

"असं हाय काय," ते म्हणाले. "मग पुढच्या सालचं पाहू, मॅडम. तब्येत पहिले."

ते निघून गेले. करुणाताई पोळीचं ताट धरून तिथंच राहिली. ही बाई इतके दिवस कोणाला भीत होती, ते आता तिला कळलं होतं.