पिल्लांचे परीक्षक

आमच्या कुत्रीची पिल्लं बघायला मिरजोळ्याचे एक आंबा बागायतदार यायचे. बागेतली वानरं हाकलायला कुत्रा हवा होता म्हणे. हापूस निवडावा तसं एकेक पिल्लू तळहातावर तोलायचे, मानेशी हुंगायचे आणि "कच्चं आहे" म्हणून परत पेंढ्यात ठेवायचे. आमच्या चहात मात्र त्यांना कधी खोट सापडली नाही. मुलं मुंबईला, त्यामुळे परीक्षकांना सवडच सवड.

शेवटचं पिल्लू सावर्ड्याला दिलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीही साहेब हजर. मी म्हटलं, "माल संपला. आता काय हुंगणार?"

कुत्री रिकामा पेंढा उकरत होती. ते तिच्याजवळ उकिडवे बसले.

"होते गो सवय," तिला म्हणाले, आणि चहा न घेताच गेले.