पुढची चाकं न्यूट्रलला

तिसऱ्यांदा गाडी फिरली तेव्हा आबांनी रिमोट खाली ठेवला.

धुळ्यातल्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात आम्ही उभे होतो. पूर्वी जिथे कापसाचे ढीग पडत, त्या सिमेंटच्या ओट्यावर चुन्याने ट्रॅक आखला होता. वळणावळणाला सरकीची पोती लावली होती. लांब सरळ पट्टा संपतो तिथे आबांची गाडी गर्रकन फिरायची आणि मागच्या अंगाने पोत्यांत घुसायची. दर वेळी तिथेच.

"काय रे भो," आबा मला म्हणाले, "ही गाडी शे का भवरा शे?"

बाजूला उभे असलेले दोघे-तिघे हसले. ज्यांच्या दुकानात मी काम शिकत होतो, त्या नानांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

ही गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली आहे. मी जळगावला मेकॅनिकलचा डिप्लोमा करतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वडील जामनेरकडे एका बागायतदाराच्या केळीत ट्रॅक्टर चालवतात. आमच्या कोर्समध्ये सहा महिने कुठेतरी ट्रेनिंग करावं लागतं आणि शेवटी मालकाच्या सहीचा दाखला आणावा लागतो. दाखला नाही तर पुढच्या वर्षात प्रवेश नाही. मी नानांच्या दुकानात होतो. तिथे मोटर रिवाइंडिंग चालतं, टेपरेकॉर्डर आणि व्हीसीआरही दुरुस्त होतात.

आबा हे नानांचे जुने गिऱ्हाईक. धुळ्याला त्यांचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. त्यांच्या भाच्याने सिंगापूरहून रिमोटची टूरिंग कार आणली होती. हातभर लांब, बॅटरीवर चालणारी, चारही चाकांना ओढ असलेली. खेळणं म्हणावं तर आत खऱ्या गाडीसारखं सगळं असतं. धुळ्यात अशा सहा गाड्या झाल्या होत्या आणि त्यांची रेस ठरली होती. आबांच्या गाडीचे सुटे भाग डब्यात होते. नानांनी डबा माझ्यापुढे ठेवला.

"इंजिनिअर, ही तू एकट्यानं बांधायची. रेसमध्ये नीट चालली तर दाखल्यावर सही. नाही चालली तर अजून एक टर्म वाइंडिंग कर."

ते हसत म्हणाले होते, पण नाना हसत म्हणतात ते करतातच.

बाकी गाडी डब्यातल्या पुस्तकातली चित्रं बघून जोडली. अडलो ते पुढच्या डिफरन्शियलला. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकांना आपापल्या वेगाने फिरू देणारा भाग म्हणजे डिफरन्शियल. डब्यात पुढच्या बाजूसाठी तीन प्रकार होते. पहिला बॉल डिफ. त्यात गिअरऐवजी बारीक गोळ्या असतात आणि एका स्क्रूने तो घट्ट किंवा सैल करता येतो. दुसरा सॉलिड. त्यात दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडलेली. तिसरा वन-वे. तो सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. पायडल मारलं की ओढतो, थांबवलं की चाक मोकळं फिरत राहतं.

एसटीडी बूथवरून मी आबांना विचारलं, "पुढची बाजू कशी पाहिजे?"

"मोकळी ठेव भो. वळाले मोकळी पाहिजे. बठ्ठी वळणंच शेत तठे."

तिथे सगळी वळणंच, म्हणून मोकळी; आणि मोकळी म्हणजे वन-वे, असं मी धरलं. दुकानामागच्या गच्चीवर गाडी चालवून पाहिली. इतकी सुंदर वळली की मी नानांना वर बोलावून दाखवलं. तेही "वा" म्हणाले. म्हणून धुळ्याला येताना एसटीत मी डबा मांडीवर घेऊन अगदी निर्धास्त बसलो होतो.

आणि आता ती भोवऱ्यासारखी फिरत होती. रेसला पाऊण तास उरला होता.

"टायर बदलू का?" मी नानांना विचारलं.

"मला काय विचारतो? गाडी तुझी."

मग मी गाडीकडे बघणं सोडलं आणि आबांना म्हणालो, "आबा, अजून एक फेरी मारा. सावकाश मारा."

"परत फिरी जाई ती."

"जाऊ द्या."

या फेरीला मी आबांच्या बोटाकडे बघत राहिलो. रिमोट पिस्तुलासारखा असतो. घोडा मागे ओढला की गाडी पळते, पुढे ढकलला की ब्रेक. सरळ पट्ट्याच्या शेवटी आबांनी घोडा खटकन पुढे ढकलला. गाडी फिरली.

"आबा, तुम्ही प्रत्येक वळणाला ब्रेक मारता?"

"मंग? वीस वर्सं ट्रक चालाडा मी. लळिंगना घाट काय ब्रेकबिगर उतरस का कोनी?"

गच्चीवर मी एकदाही ब्रेक मारला नव्हता. दुसऱ्याची परदेशी गाडी, मोडली तर काय करायचं, या भीतीने मी नुसता घोडा सोडत होतो आणि गाडी आपोआप हळू होत होती. वन-वेमध्ये ब्रेक पुढच्या चाकांपर्यंत पोचतच नाही. तो फक्त मागच्या चाकांना लागतो. वेगात मागची चाकं धरली, पुढची मोकळी, की गाडी फिरणारच. मी गाडी आबांसाठी नाही, माझ्या भीतीसाठी बांधली होती.

हे सांगायचं कसं ते कळेना. शेवटी मी म्हणालो, "आबा, चूक माझी आहे. मी तुमची पुढची चाकं न्यूट्रलला टाकली."

डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रल करतात म्हणून आबांनी दोन ड्रायव्हर घरी बसवले होते, हे मला नानांकडून कळलं होतं. माझ्या तोंडून तोच शब्द कसा गेला कुणास ठाऊक.

पण आबा मोठ्याने हसले. "नाना, हाऊ पोऱ्या माले घाटमा न्यूट्रल करी दी ऱ्हायना! काढ भो ते, काढ पहिले."

"काढतोस ते ठीक," नाना म्हणाले. "घालणार काय? सॉलिड घाल. ब्रेक जोरात लागेल."

नानांचं म्हणणं बरोबर होतं. सॉलिडला ब्रेक सगळ्यात चांगला लागतो. पण मला वडिलांचा ट्रॅक्टर आठवला. चिखलात एक चाक गरगरलं की पायाखालचा डिफ-लॉक दाबतात, म्हणजे दोन्ही चाकं जखडली जातात. तो सोडायला विसरून मी एकदा केळीच्या ओळीतून ट्रॅक्टर वळवला होता. वळला नाहीच. अकरा केळी आडव्या झाल्या.

"नाना, सॉलिड नको." मी म्हणालो. "वळणार नाही ती. शिवाय ओट्याला सांधे आहेत. जखडलेल्या चाकांना दणका बसून पुढची शाफ्ट वाकली तर दुसरी इथे कुठे मिळणार? बॉल डिफ घालतो. थोडा घट्ट."

"नक्की?"

"नक्की नाही. पण तेच घालतो."

नानांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.

सरकीच्या पोत्यावर बसून मी पुढचा भाग उघडला. एक चाक फिरवलं की दुसरं उलटं फिरायला हवं, पण जरा जड. स्क्रू पाव आटा आवळला, फिरवून पाहिलं, अजून थोडा आवळला. आबांनी एक फेरी मारली. पट्ट्याच्या शेवटी खटकन ब्रेक. गाडीने नाक खाली केलं, सरळ राहिली आणि वळली. आधीइतकी चपळ नाही, पण वळली.

"आते ही गाडी मन्ही शे," आबा स्वतःच्या छातीवर बोट ठेवत म्हणाले.

रेसमध्ये आबा दुसरे आले. पहिल्या आलेल्या डॉक्टरांची गाडी खरंच वेगवान होती. माझं लक्ष नंबराकडे नव्हतंच. प्रत्येक फेरीला मी त्या एका वळणाकडे बघत होतो. गाडी एकदाही फिरली नाही.

परतताना एसटीत मी नानांना सांगून टाकलं, गच्चीवर मी एकदाही ब्रेक मारला नव्हता. नानांनी सोमवारी दाखल्यावर सही केली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'काम समाधानकारक.' मग पेन उचललं, थांबले, आणि पुढे जोडलं, 'आता ब्रेक मारून बघतो.'

कॉलेजमध्ये सरांनी तो शेरा दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे काय?" मी सांगितलं. दाखला जमा झाला.

सुट्टीत मी अजूनही नानांच्या दुकानात बसतो; परवा तिथे एका बाईंचा मिक्सर दुरुस्तीला आला. "चालतो पण बिघडलाय," म्हणाल्या. मी उघडला नाही. त्यांनाच म्हणालो, "मावशी, घरी लावता तसा लावून दाखवा आधी."