दादाची पाणबुडी आणि वहिनीची अट

गेल्या उन्हाळ्यात आमच्या दादाची पाणबुडी बुडाली. पाणबुडीच्या बाबतीत याला अपघात म्हणायचं की यश, यावर आमच्या वडनेर भोलजी गावात अजून एकमत नाही.

दादा पंपाच्या मोटारी रिवाइंड करतो. त्याने एका जुन्या डिझेल टाकीला झाकण, खिडकी, बुडवायला पाणी भरायची पिंपं आणि मागे मोटारीवरचा पंखा बसवला. वायरीची भोकं रबरी वायसर आणि खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीने बुजवली. (गावातले निम्मे पंप याच भरवशावर चालतात.) राहिला पंख्याचा शाफ्ट. तो फिरणार, म्हणजे भोक बुजवून भागणार नाही! तिथे विहिरीवरच्या पंपाला असते तशी ग्लँड आली: शाफ्टभोवती ग्रीस लावलेली दोरी गुंडाळायची आणि नट आवळून ती दाबायची.

"यातून थोडं थोडं टिपकलंच पाह्यजे," दादा म्हणाला. "नाही तं दोरी जळते, शाफ्ट जाम होते."

हे वहिनीने ऐकलं. "म्हंजे आत पानी येनारच? आत एक थेंब जरी दिसला ना, तं भंगारवाल्याले देऊन टाकीन!"

वहिनी बोलली की करते. दादाचं हेलिकॉप्टर असंच गेलं.

"पन मी काऊन आत बसू?" मी दादाला विचारलं.

"वजन कमी पडून राह्यलं बे. टाकी खालीच जात नाही."

मी एवढी पुस्तकं वाचली. घराण्याच्या कामी आलं ते वजन.

ठरल्या दिवशी शेततळ्यावर गाव लोटला. भंगारवालाही आला होता, हातगाडीसकट! एका माजी सभापतींनी फीत कापली आणि देशाच्या सागरी सामर्थ्यावर भाषण केलं. (आमच्याकडे समुद्र बघायला रजा टाकावी लागते.) मग झाकण लागलं, दादाने पिंपांत पाणी घेतलं आणि आम्ही खाली गेलो.

दादा पुढे, मी मागे, ग्लँडला चिकटून, वहिनीने दिलेल्या गोधडीवर. पंखा फिरू लागला. टप. टप. प्रत्येक थेंबागणिक मला हातगाडी दिसत होती! शेवटी मी पाना उचलला आणि नट आवळला. थेंब बंद! मी मनातल्या मनात सत्कार स्वीकारत होतो, तोच मोटार कण्हली आणि पंखा थांबला.

"काय केलं बे?"

"थेंब बंद केला."

"अबे येड्या, शाफ्ट जाम केला तू! ढिला कर!"

मी केला. घाईत जरा जास्तच केला. थेट माझ्या मांडीवर धार!

"दादा, पानी!"

"हलू नको! खाली सांडू देऊ नको! आवळ, पन हळू!"

मी हळू आवळलं. धारेचे थेंब झाले, पंखा फिरला आणि आम्ही तळ्याच्या तळातून सरळ पलीकडच्या काठाला जाऊन वर आलो! टाळ्या, शिट्ट्या, फटाके! बुलढाणा जिल्ह्याचं आरमार पाण्याखालून जाऊन सुखरूप बाहेर आलं होतं!

वहिनी बॅटरी घेऊन झाकणातून वाकली. टाकीचा तळ ठणठणीत कोरडा. दादाची छाती फुगली. मग उजेड माझ्या पँटवर आला.

"भाऊजी, हे काय?"

भंगारवाला पुढे सरकला. दादाने माझ्याकडे असं पाहिलं की दगडाला पाझर फुटावा.

"पानी नाही आलं, वहिनी," मी म्हणालो. "मी भेलो."

तिने गोधडीचं एक टोक उचलून पिळलं. पाण्याची धार लागली.

"इतके?"

"लय भेलो."

भंगारवाला रिकामी गाडी घेऊन परत गेला. आज अख्ख्या तालुक्यात आमची पाणबुडी आतून कोरडी म्हणून प्रसिद्ध आहे. प्रसिद्ध मीही आहे.