बोट टेकवून

गॅसच्या तक्रारी घेणाऱ्या त्या ताई अंबरपेठहून यायच्या. फोनवर तेलुगू, दख्खनी, मराठी, समोरचा बोलेल ते बोलायच्या. पण त्यांची खरी हातोटी गप्प राहण्यात होती. समोरच्याचं सांगून झालं की त्या टेबलावर बोट टेकवून थांबायच्या. मग तो हळूच म्हणायचा, "और एक बात है, अम्मा."

"लोक खरं ते मागून सांगतात. घाई नक्को," त्या मला म्हणायच्या. मी फोनवर बोलणारं यंत्र तयार करत होतो. महिनाभर त्यांच्या शेजारी बसून मी ते थांबणं यंत्रात घातलं.

तोवर कंपनीत फेररचना सुरू झाली. ताईंचं टेबल जाणार, हे मला आठवडाभर आधीच कळलं होतं. तरी त्यांच्या डब्यातली भाजी मी रोज खात होतो.

एका दुपारी त्यांनी विचारलं, "यंत्र आल्यावर मी कुठं बसायचं रे?"

"बघू ना, ताई."

त्या टेबलावर बोट टेकवून थांबल्या. मी स्क्रीनकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने त्यांनी बोट उचललं आणि पुढचा फोन घेतला.