सोजराबाईनं हबसाणात शाळा कशी निवडली

माझ्या १९५८ सालच्या डायरीत नऊ जानेवारीच्या पानावर दोनच वाक्यं आहेत: 'सोजराबाईला हबसाणात शाळा हवी आहे. दूध उतू गेलं.' दूध उतू गेलं ते पहिलं वाक्य ऐकूनच.

सोजराबाई कासारवाडीची. आमच्या पिंपरीच्या कारखान्याच्या वसाहतीत ती रोज सकाळी म्हशीचं दूध घालायची. तिचा नवरा ज्योतीराम त्याच कारखान्यात फिटर. त्याला हबसाणच्या राजधानीत, आदिस अबाबाला, एका कापडगिरणीत चार वर्षांची नोकरी मिळाली होती. बायकोमुलांचं बोटीचं भाडंही गिरणी देणार होती, पण एका अटीवर. आधीच्या दोन फिटरांची बिऱ्हाडं मुलांना शाळा नाही म्हणून वर्षाच्या आत परतली होती. तेव्हा पंधरा मार्चच्या आत शाळेनं मुलं घेतल्याचं पत्र गिरणीच्या पुण्यातल्या एजंटला दाखवावं, नाहीतर फिटरनं एकट्यानं यावं.

"म्हंजे चार वर्सं ह्ये तिकडं आन् मी हितं म्हशीसंगं," सोजराबाई म्हणाली. "बाई, तुमी मडमांच्या शाळंत शिकलाय. तुमीच वाचून दावा."

गिरणीनं कळवलेल्या तीन शाळांची माहितीपत्रकं घेऊन नवराबायको रविवारी आमच्या ओट्यावर आली. मागून इंद्रायणी आणि भैरू, वय वर्षं दहा आणि सात, आणि सर्वांच्या मागून सासू दुर्गाबाई. नातवंडं कुठंही जाणार नाहीत, हे त्यांनी घरातून निघतानाच ठरवलं होतं.

पहिली शाळा इंग्रजांची. गुळगुळीत कागद, हिरवळीचा फोटो, घोड्यावर बसलेली मुलगी. दोघांची फी ज्योतीरामच्या निम्म्या पगाराहून जास्त.

"घोडा धरून का घोडा सोडून?" सोजराबाईनं विचारलं.

"सोडून."

"मग ऱ्हाऊ द्या."

दुसरी फ्रेंच जोगिणींची, म्हणजे नन्सची. फी बेताची, पण सगळं शिकवणं फ्रेंचमध्ये. तिसरी मिस आराक्सी नावाच्या आर्मेनियन बाईंची: भाड्याचा बंगला, अकरा देशांची मुलं, इंग्रजीतून शिकवणं, फी सर्वांत कमी. टाइप केलेला एकच कागद, तोही वाकडा.

"एवढी सस्ती म्हंजे किडकी असंल," ज्योतीराम म्हणाला.

सोजराबाईनं तिन्ही पत्रकं मांडीवर ठेवली आणि त्यांच्यावरून हात फिरवला. "बाई, ह्यो समदा वरचा थर हाय."

इथे तिच्या त्या हाताबद्दल सांगायला हवं. तिचे वडील आबाजी चाकणच्या बाजारात कांद्याचे लहानसे व्यापारी. गोणीच्या तोंडाशी निवडक कांदा आणि तळाशी सडका, ही बाजारची जुनी रीत. गोणी ओतू न देणारे शेतकरी पुष्कळ. म्हणून आबाजी नऊ वर्षांच्या सोजराला शाळेतून काढून बाजारात न्यायला लागले. तिचा बारीक हात गोणीत खांद्यापर्यंत जायचा आणि तळातला एक कांदा घेऊन वर यायचा. ती तो दाबायची, हुंगायची आणि मानेनं हो किंवा नाही सांगायची. लग्न होईपर्यंत तिची मान एकदाच चुकली, आणि तेव्हा तिला पडसं होतं.

"त्यांना लिव्हा," ती मला म्हणाली, "तुमच्या शाळंत समद्यात मागं जे पोर हाय, त्याची वही धाडा. बघू."

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मदरना कुणी असं पत्र लिहिलं असतं तर त्यांनी त्या माणसासाठी प्रार्थना ठेवली असती. "अगं, असं विचारत नाहीत. त्यांना राग येईल, आणि जागा जाईल ती जाईलच."

"बाई, माज्या पोरांना इंग्रजीचं एक अक्षर येत न्हाई. तिथं गेल्याबरुबर ती तळालाच बसणार. मग तळाला काय हाल असत्यात त्ये बघाया नको? घोड्यावरच्या पोरीचं बरंच चाललंय की."

मी पेन्सिल पुन्हा उचलली. ज्योतीराम हसून हसून ओट्याच्या खांबाला टेकला. दुर्गाबाई म्हणाल्या, "शाळा बघतीया का जावई?"

"जावई बघायचा असता तर तुमालाच धाडलं असतं, आत्याबाई. तुमची पारख दांडगी. मला न्हाई का निवडलं?"

पंधरा जानेवारीला मी तिन्ही पत्रं विमानटपालानं टाकली. मागणी शक्य तितक्या मऊ इंग्रजीत गुंडाळली होती, तरी पेटीत टाकताना कान तापले.

इंग्रजांचं उत्तर सर्वांत आधी आलं. चार ओळी. त्यांच्या शाळेत मागे पडलेलं मूल नाही.

"तळच न्हाई?" सोजराबाई म्हणाली. "बिनतळाची गोणी मी तर अजून बघितली न्हाई."

फेब्रुवारीच्या अखेरीस जोगिणींचं पत्र आलं, फार प्रेमळ. सोबत त्यांच्या सर्वांत हुशार मुलीनं भरलेला रुमाल. दोन जागा आहेत, सात मार्चपर्यंत तारेनं कळवा. ज्योतीरामनं तो रुमाल उन्हात धरून पाहिला. "ब्येस हाय की. घे फ्रेंच. दिवस किती उरलं?"

"रुमाल ब्येस हाय," ती म्हणाली. "त्यो वरचाच कांदा हाय."

सात मार्च आला आणि गेला. तार गेली नाही. ज्योतीराम दोन दिवस बायकोशी बोलला नाही. दुर्गाबाईंनी मात्र पोरं इथंच राहणार म्हणून गावभर सांगितलं आणि भैरूसाठी नवा भोवराही आणला. दहा मार्चच्या सकाळी सोजराबाईनं माझ्या पातेल्यात दूध घातलं ते मापाला दीडपट.

त्याच दुपारी पोस्टमन जाड पाकीट घेऊन आला. मी तशीच चपला घालून कासारवाडीला निघाले.

अंगणात बसून पाकीट फोडलं. आत मळकी वही होती. मिस आराक्सींच्या पत्राचा मी तिथल्या तिथे मराठीत अर्थ सांगितला: 'आपली मागणी मी वर्गात वाचून दाखवली. सर्वांत मागे कोण यावरून दोन मुलांत भांडण झालं, कारण हबसाणाबाहेर वही जायचा मान दोघांनाही हवा होता. शेवटी परीक्षा घेतली. यानी नावाचा ग्रीक मुलगा एका गुणानं हरला, म्हणजे जिंकला. वहीत अकरा पानं कोरी आहेत, ती त्याला परत हवी आहेत. दोन्ही जागा ठेवल्या आहेत. गिरणीसाठीचं पत्र सोबत आहे.'

ज्योतीराम उठून उभा राहिला. सोजराबाई म्हणाली, "खाली बसा. अजून तळ बघायचा हाय."

तिनं वही उघडली, दाबली आणि खरोखरच हुंगली. मग पानं उलटू लागली. यानीची बेरीज चुकलेली. शेजारी लाल शाईत बाईंनी तीच बेरीज करून दाखवलेली. पुढच्या पानावर तीच बेरीज, पुन्हा चुकलेली, पुन्हा करून दाखवलेली. असं चार वेळा. चौथ्या वेळी लाल शाईत एक ओळ होती.

"काय लिव्हलंय?"

"'आज फक्त एक चूक. गुरुवारी माझ्याबरोबर बस, तीही जाईल.'"

इंद्रायणी आईच्या खांद्यावरून डोकावत होती. आकडे तिला येत होते. "आये, ह्याला हातचा धरता येत न्हाई. मला येतो." आणि ती अंगणभर नाचत सुटली, की मी तळाला नाही, तळाला यानी आहे. भैरू तिच्यामागे, नवा भोवरा हातात धरून. कोंबड्या भिंतीवर चढल्या. ज्योतीराम इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि मी, वसाहतीत गंभीर म्हणून प्रसिद्ध असलेली बाई, पोटाला हात लावून खाटेवर बसले.

दुर्गाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी वही मागून घेतली, उलटी धरली आणि बराच वेळ लाल शाईकडे पाहिलं. "मारत न्हाई व्हय ही बाई?"

"न्हाई दिसत, आत्याबाई."

"चार येळा सांगती?"

"चार येळा."

"मग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. काय राहू दे ते त्यांनी सांगितलं नाही, पण मुलं इथंच राहणार हे त्यानंतर त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

ज्योतीराम गिरणीचं पत्र खिशात घालून सायकलवर टांग मारत होता. मी विचारलं, वहीचं काय करायचं, उद्याच पोस्टानं पाठवून देऊ का, त्या मुलाची अकरा पानं अडली आहेत.

सोजराबाईनं वही पदरानं पुसली.

"पोस्टानं कशाला, बाई? आमी चाललोय की."